राणीच्या बागेतला दगडी हत्ती आणि डांबर फासलेली राणी: संग्रहालयातल्या कलाकृतीची गोष्ट कशी शोधावी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, शिरलं की बहुतेकांची पावलं पेंग्विनकडे वळतात. तिथेच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. अंगावर भेगा आहेत, सांधे जोडल्याच्या खुणा आहेत. मुलं त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. घारापुरीच्या बेटाला पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ म्हणायला सुरुवात केली, तोच हा हत्ती. बेट तिकडे समुद्रात राहिलं आणि त्याला नाव देणारा हत्ती इकडे भायखळ्यात आला.

आपल्या संग्रहालयांत अशा कितीतरी वस्तू आहेत. त्यांची गोष्ट फलकावरच्या चार ओळींत मावत नाही, पण ती शोधता येते. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. थोडी चिकाटी आणि एका वस्तूपुढे अर्धा तास उभं राहायची तयारी पुरते. हे कसं करायचं ते याच आवारातल्या दोन कलाकृती धरून सांगतो.

१. एकच वस्तू निवडा, आणि ती खटकणारी असू द्या

पूर्ण संग्रहालय एका दिवसात ‘उरकायचं’ ठरवलंत तर हाती काहीच लागत नाही. फेरफटका मारा आणि जिथे ‘हे इथे कसं काय?’ असं मनात येईल तिथे थांबा. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन आहे, काशाची छोटीशी मूर्ती. पंचगंगेच्या काठी, समुद्रापासून इतक्या आत, हा देव आला कुठून? हा प्रश्न पडला की अर्धं काम झालं. (पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या सुमारास उत्खनन झालं. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापाराचा पुरावा म्हणून तिथे मिळालेल्या वस्तू ओळखल्या जातात.)

माझ्या मते सुंदर वस्तूपेक्षा जागा चुकल्यासारखी वाटणारी, मोडलेली किंवा जोडलेली वस्तू शोधाला जास्त चांगली. तिच्या अंगावर काहीतरी घडून गेलेलं असतं.

२. फलक वाचण्याआधी डोळ्यांनी वाचा

फलक आधी वाचला की डोळे तेवढंच बघतात. म्हणून आधी वस्तूभोवती पूर्ण फेरी मारा. शक्य असेल तर मागची बाजू, पाठ, तळ बघा. वही काढा आणि ओबडधोबड का होईना, चित्र काढा. चित्रकला यायला हवी असं मुळीच नाही. हात चालवताना डोळ्यांना तपशील पकडावा लागतो, म्हणून काढायचं. फोटो काढायचा असेल तर परवानगी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा.

हत्तीपाशी उभे राहिलात तर या गोष्टी टिपा: कुठला दगड जुना दिसतो आणि कुठे नंतर भरलेलं वाटतं, सांधे कुठून कुठे जातात, डोकं आणि धड एकसंध आहे का, पाठीवर काय आहे. पाठीचं खास सांगतो आहे, त्याचं कारण पुढे येईल.

३. आता फलक वाचा, आणि सगळ्यात बारीक अक्षरं आधी

फलकावर नाव, काळ, माध्यम आणि ठिकाण असतं. आपल्याला हवं ते बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असतं: कोणी दिलं, कुठून मिळालं आणि नोंदणी क्रमांक. अनेक संग्रहालयांत या क्रमांकाची सुरुवात वस्तू दाखल झालेल्या वर्षावरून होते. तो जसाच्या तसा उतरवून घ्या, कारण पुढे संग्रहालयाला पत्र लिहाल तेव्हा ‘ती कोपऱ्यातली मूर्ती’ म्हणण्यापेक्षा क्रमांक दिला की उत्तर लवकर मिळतं.

कलाकाराचं नाव नसेल तर हिरमुसू नका. देणारा किंवा जमवणारा कोण होता, तिथून सुरुवात करा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या वज्री (अंघोळीत पाय घासायची साधनं), अडकित्ते आणि दिवे कोणी घडवले ते सहसा सापडणार नाही. पण दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी ते एकेक करून जमवले, अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. हे कळल्यावर तीच वज्री वेगळी दिसू लागते.

४. वस्तूचा प्रवास मांडा

वहीत एक उभी रेघ ओढा आणि तिच्यावर तारखा मांडत जा: कधी बनली, कुठे उभी होती, कोणी हलवली, कधी मोडली, कधी इथे आली. मला कळलेली सगळ्यात मोलाची युक्ती हीच आहे. कलाकृतीची गोष्ट म्हणजे ती कोणी बनवली एवढंच, असं आपण धरून चालतो. खरं नाट्य बहुतेक वेळा तिच्या स्थलांतरात असतं.

याच संग्रहालयाच्या आवारातला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा घ्या. इंग्रज शिल्पकार मॅथ्यू नोबल याने तो घडवला. पैसे दिले बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. पुतळा १८७२ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात, भर रस्त्यावर, नक्षीदार छत्रीखाली बसवला गेला. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी लोकांनी पाहिलं तर राणीच्या पांढऱ्याशुभ्र तोंडावर डांबर, आणि गळ्यात जोड्यांची माळ. सरकारची झोप उडाली. संगमरवरात डांबर मुरलं की ते निघता निघत नाही. शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ते डाग काढून दाखवले आणि त्यांचं नाव सर्वदूर झालं.

हे कोणी केलं, ते तेव्हा कळलं नाही. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री, याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या दिवशी, पुण्यात गणेशखिंडीत प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या प्रकरणात पकडले गेल्यावर दामोदर हरी चापेकरांनी सांगितलं की मुंबईच्या पुतळ्याला डांबर फासणारेही आपणच. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. राणीचा पुतळा मात्र स्वातंत्र्यानंतर, १९६५ च्या सुमारास, शहरातले परकीय पुतळे हलवले गेले तेव्हा भायखळ्यात आला. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्डही त्याच सुमारास इकडे आला.

आता पुतळ्यासमोर उभे राहा. एका दगडात बडोद्याचं दरबारी राजकारण, पुण्याच्या तरुणांचा संताप, एका प्राध्यापकाची प्रयोगशाळा आणि स्वतंत्र मुंबईचा निर्णय असं सगळं आहे. त्यातलं फक्त ‘मॅथ्यू नोबल’ एवढंच वाचून आपण पुढे जात होतो.

५. जुन्या कागदांकडे जा

इथे वेळ लागतो, पण खरी मजा इथेच आहे. महाराष्ट्रात सुरुवात करायला गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, सगळ्यात सोयीचं. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरचा १८८२ चा चौदावा खंड पाहण्यासारख्या ठिकाणांना वाहिलेला आहे आणि त्यात घारापुरीचं सविस्तर वर्णन येतं. हे खंड राज्य शासनाने आंतरजालावर उपलब्ध केले आहेत.

त्यापुढे या जागा आहेत. फोर्टातल्या टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि तिचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा डिजिटल संग्रह. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर. मराठीत वाचायचं असेल तर गोविंद नारायण माडगांवकरांचं १८६३ मधलं ‘मुंबईचे वर्णन’ हाताशी ठेवा. त्या काळातलं शहर डोळ्यांपुढे उभं राहिलं की वस्तूही नीट कळते. केंद्र सरकारच्या ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर राष्ट्रीय संग्रहालयांतल्या वस्तूंची छायाचित्रं आणि नोंदी सापडतात.

शोधताना एका नावावर अडू नका. राणीची बाग, व्हिक्टोरिया गार्डन्स, जिजामाता उद्यान ही एकच जागा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय हेही एकच. १८७२ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. म्हणजे त्याआधीचे कागद जुन्या नावानेच शोधावे लागतात. जुन्या नावांची यादी आधीच करून ठेवली तर निम्मा त्रास वाचतो.

६. दोन हकिगती जुळत नसतील तर थांबा

हत्तीकडे परत येऊ. सर्रास सांगितली जाणारी गोष्ट अशी: इंग्रजांना हत्ती विलायतेला न्यायचा होता, १८६४ मध्ये उचलताना क्रेनची साखळी तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, म्हणून तो इथेच राहिला. गोष्ट चटकदार आहे. पण जुन्या नोंदी पाहिल्या तर हत्तीचं डोकं आणि मान १८१४ मध्येच गळून पडली होती आणि धडही पुढे ढासळत गेलं. म्हणजे साखळी तुटली असली तरी ती धडधाकट हत्तीवर तुटली नव्हती. १८६४ मध्ये अवशेष बागेत आले आणि १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्युएट यांनी ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला. आपण वहीत टिपलेले सांधे हे त्याच कामाचे.

आता पाठीकडे. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात घारापुरीला गेला होता. तो लिहितो की खडकात कोरलेल्या अजस्र हत्तीच्या पाठीवर त्याचं पिल्लू होतं आणि जवळच पोटापर्यंत जमिनीत रुतलेला दगडी घोडाही होता. नंतरच्या काही वर्णनांत पाठीवरचा प्राणी वाघ झाला आहे. आज त्या पाठीवर तो प्राणी पूर्ण असा काही दिसत नाही आणि घोडा तर केव्हाच गेला. पिल्लू की वाघ? दोन्ही लिहून ठेवा, कोणी कधी लिहिलं तेही लिहा आणि मग पुन्हा हत्तीपाशी जाऊन पाठीवरच्या खुणा बघा. घाईने एक पर्याय खोडू नका.

परदेशातलं असंच एक उदाहरण म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला टिपूचा वाघ. युरोपियन माणसाला खाली पाडून बसलेला लाकडी वाघ, पोटात वाद्य, मूठ फिरवली की गुरगुर आणि किंकाळी. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांच्या हाती आला. १७९२ मध्ये सेनापती मन्रो यांच्या मुलाला बंगालच्या सागर बेटावर वाघाने मारलं, त्यावरून हे यंत्र बनलं असं सांगतात. शक्य आहे. पण वाघ हे टिपूचं चिन्ह आधीपासूनच होतं. सिंहासनापासून तोफांपर्यंत सगळीकडे वाघ होते. तेव्हा ‘असं सांगतात’ आणि ‘असं नोंदलेलं आहे’ यांसाठी वहीत दोन वेगळे रकाने ठेवा. हा एक नियम पाळलात तरी तुमचं टिपण बऱ्याच छापील मजकुरापेक्षा भरवशाचं होईल.

७. मूळ जागी जाऊन या

जमेल तेव्हा वस्तू जिथून आली तिथे जा. गेटवेवरून बोटीने घारापुरीला जाता येतं. लेणी सोमवारी बंद असतात, आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. बेटावर लेण्यांत शिरायची घाई करू नका. आधी किनाऱ्यावरून डोंगराकडे बघा. बोटीतून उतरणाऱ्या माणसाला समोर कातळातला हत्ती दिसत असेल तेव्हा काय वाटत असेल, याचा अंदाज भायखळ्यात उभं राहून येत नाही. पोर्तुगिजांनी आतल्या भव्य महेशमूर्तीवरून नाही तर बाहेरच्या हत्तीवरून बेटाला नाव का दिलं असेल, ते तिथे पटतं.

८. माणसांना विचारा

दालनात बसणारे कर्मचारी वर्षानुवर्षं त्याच वस्तूंजवळ असतात. कुठली मूर्ती कधी कुठून हलवली, कुठल्या वस्तूपुढे लोक थांबतात, हे त्यांना ठाऊक असतं. ‘दादा, ही आधी कुठे ठेवली होती?’ एवढं विचारून बघा.

मग अभिरक्षकांना (क्युरेटरना) पत्र किंवा ईमेल लिहा. पत्र लहान ठेवा: वस्तूचं नाव, नोंदणी क्रमांक, तुम्ही काय काय वाचलं आणि नेमका एकच प्रश्न. ‘या हत्तीबद्दल सगळी माहिती द्या’ असं लिहिलंत तर उत्तर येणं अवघड. ‘१९१४ मध्ये जोडकाम झालं तेव्हाची छायाचित्रं आपल्या संग्रहात आहेत का?’ याला उत्तर देता येतं. पंधरा-वीस दिवसांत काही कळलं नाही तर नम्रपणे आठवण करा. आणि तुमच्या शोधात एखादी जुनी नोंद सापडली असेल, तर तिची प्रत पुस्तकाचं नाव, वर्ष आणि पान क्रमांकासह त्याच पत्राला जोडा.