जुनं स्विस घड्याळ दुरुस्तीला टाकताना आधी त्याच्या ब्रँडचा मालक शोधा

संभाजीनगरच्या गुलमंडीवर किंवा लातूरच्या गंजगोलाईत घड्याळजीसमोर घड्याळ ठेवण्याआधी डायलवरचं नाव आज कोणाच्या मालकीचं आहे ते बघा. सुटे भाग मिळतील की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

टिसो, ओमेगा, राडो, लाँजिन्स हे चारही स्वॉच ग्रुपचे. डबघाईला आलेले दोन स्विस समूह 1983 मध्ये एकत्र आले, त्यातून हा उभा राहिला. घड्याळाच्या आतलं मशीन बनवणारी ईटीए कंपनीही त्याचीच. म्हणून मागचं झाकण उघडलं की आधी मशीनवरचा नंबर वाचा. तो बऱ्याचदा बॅलन्सजवळ (मागेपुढे हलणारं चाक), प्लेटवर बारीक कोरलेला असतो, भिंगाशिवाय दिसत नाही. ईटीए 2824 निघालं तर काम सोपं, कारण हे मशीन कित्येक ब्रँडांनी वापरलंय आणि सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीचं एसडब्ल्यू 200 त्याच घाटाचं आहे. ओमेगाचं स्वतःचं 552 किंवा 565 असेल तर मात्र भाग ओमेगाचाच लागतो, आणि कंपनी तो बाहेरच्या कारागिराला सहजी देत नाही.

कार्तिए, आयडब्ल्यूसी, पानेराई, वाशरों रिशमों समूहाचे. टॅग हॉयर, झेनिथ, हुब्लो एलव्हीएमएच समूहाचे. रोलेक्स आणि ट्यूडर हान्स विल्सडॉर्फ फाउंडेशनकडे, पाटेक फिलिप 1932 पासून स्टर्न कुटुंबाकडे. यातलं काही हातात असेल तर गल्लीत झाकणसुद्धा उघडू देऊ नका, अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा.

जुनी माहिती तपासून घ्या. उलिस नार्डिन आणि जिरार-पेरगो केरिंग समूहाचे, असं अजून लिहिलेलं सापडतं, पण 2022 मध्ये केरिंगने दोन्ही विकले. फाव्र-ल्यूबा हा स्विस ब्रँड 2011 मध्ये टायटनने घेतला, 2023 मध्ये तो एथॉस या भारतीय घड्याळविक्रेत्याच्या कंपनीकडे गेला. पण मालक भारतीय झाला म्हणून आजोबांच्या सी-चीफचे (फाव्र-ल्यूबाचं जुनं मॉडेल) भाग दुकानात येत नाहीत. ते दुसऱ्या मेलेल्या सी-चीफमधूनच काढावे लागतात. विकत घेणार असाल तर डायल आधी बघा. रंग झगझगीत, अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नाहीत, खाली ‘स्विस मेड’ वाकडं किंवा गायब, तर डायल बहुधा पुन्हा रंगवलेली आहे. तिला अस्सल डायलचा भाव देऊ नका.

सर्व्हिसिंगला देताना पावतीवर लिहून घ्या: मशीन पूर्ण सुटं करून धुणे, नवं तेल, गरज पडली तर नवी मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताणली जाणारी मुख्य स्प्रिंग), केसला पॉलिश नाही, डायलला हात नाही. उघड्या मशीनचा फोटो काढून ठेवा. काही जण मशीन न सोडवताच पेट्रोलमध्ये बुचकळून देतात. स्वस्त पडतं, पण वाळलेलं तेल ज्वेलमध्येच (चाकांच्या टोकांना आधार देणारे बारीक खडे) राहतं, आणि हेअरस्प्रिंगवर (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) चिकटपणा बसला की वेढे एकमेकांना धरतात. मग घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. चुंबक लागल्यावरही असंच होतं, म्हणून आधी डीमॅग्नेटाइज करून, म्हणजे चुंबकत्व काढून, बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

घरी आणल्यावर पूर्ण चावी द्या, 24 तास डायल वर ठेवून मोबाइलशी ताडा, मग पुन्हा चावी देऊन 24 तास चावीची बाजू खाली ठेवून. जुन्या चावीच्या घड्याळात अर्ध्या मिनिटाचा फरक चालतो. दोन्ही वेळच्या फरकात मोठी तफावत असेल तर बॅलन्सचं काम राहिलंय, पावती घेऊन परत जा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री 9 ते पहाटे 3 तारीख फिरवू नका, चाकाचा दात तुटतो.