'पेट' म्हटलं की ओ द्यायची

ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या वॉर्डातला माझा दुसराच दिवस. एका आजोबांनी बोट पुढे केलं आणि म्हणाले, "स्पेल्क, पेट." आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसात आणलेली मी, पण हा आजार की औषध, काही उमजेना. निघालं लाकडाचं कुसळ! 'पेट' म्हणजे मीच, आपल्या 'बाळा'सारखं.

नव्याने येणाऱ्या नर्सेसना म्हणून सांगते, शब्द अडला की 'पार्डन' म्हणू नका. तोच शब्द आणखी मोठ्याने कानावर येतो, बस्स. 'दाखवा ना' म्हणा.

आधी क्रियापदं धरा. 'गॅन' म्हणजे जाणं आणि 'येम' म्हणजे घर. 'गॅनिन येम' म्हणणाऱ्या पेशंटला डिस्चार्ज हवा असतो. 'हॉय' म्हणजे फेकणं. सिस्टर "हॉय इट" म्हणाली तेव्हा मी नुसती मान डोलावत उभी. 'बेर्न' म्हणजे लहान मूल. यॉर्कशरच्या सहकाऱ्याकडून ड्यूटीची वेळ ऐकताना जास्त सावध राहा. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. तिथे 'व्हाइल'चा अर्थ 'पर्यंत'.

जेवणाचं तर विचारूच नका. इथे बऱ्याच घरांत 'डिनर' दुपारी असतं आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. साडेपाचला 'टी'ला बोलावलं म्हणून मी घरून पोटभर जेवून गेले. समोर खिमा, डम्पलिंग आणि बटाट्याचा डोंगर! मुकाट्याने संपवला. आता आमंत्रण आलं की आधी विचारते, "जेवायला ना?"

टोपणनावं मात्र जपून. टाइन नदीकाठचे, म्हणजे आमचे न्यूकॅसलकर, ते 'जॉर्डी'. जेमतेम वीस किलोमीटरवरच्या संडरलंडचे 'मॅकम', आणि त्यांना जॉर्डी म्हणालात तर सलाइन लावून होईपर्यंत फुटबॉलवरचं भाषण ऐकावं लागेल. मिडल्सब्रोचे 'स्मॉगी', कारखान्यांच्या धुरावरून. लिव्हरपूलचे 'स्काउसर' हे खलाशांच्या 'लॉबस्काउस' नावाच्या रश्शावरून, तर बर्मिंगहॅमचे 'ब्रमी' हे गावाच्या 'ब्रमजम' या जुन्या नावावरून. ही नावं ते स्वतः मिरवतात, तरी पहिल्या भेटीत आपण वापरू नयेत. त्यांच्यासारखे हेल काढून बोलायलाही जाऊ नका. मी एकदा 'वाय आय' (म्हणजे 'हो तर!') म्हणून पाहिलं, तर वॉर्डातली अख्खी बे, म्हणजे त्या भागातले सगळे पेशंट, हसली. आजोबा तर टाके धरून.

खिशात छोटी वही ठेवा. माझ्या वहीत कालचा शब्द आहे 'क्लॅमिन': भूक लागलेला. नाश्त्याची ट्रॉली उशिरा आली होती.