डॉक्टरच्या नावापुढे ‘डी.ओ.’ दिसले तर काय पाहावे?

अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबावर विमा कंपनीच्या यादीतून डॉक्टर निवडायची वेळ येते, तेव्हा काही नावांपुढे ओळखीचे ‘एम.डी.’, तर काहींपुढे ‘डी.ओ.’ अशी अक्षरे दिसतात. डी.ओ. म्हणजे ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’ हे कळल्यावर, विशेषतः भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना, हा होमिओपॅथीचाच एखादा प्रकार असावा किंवा हा हाडांचा डॉक्टर असावा, असे वाटते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांच्यामुळे चांगला डॉक्टर हातचा जाऊ शकतो.

आधी ‘एम.डी.’ या अक्षरांचा अर्थ नीट लावून घ्यावा. आपल्याकडे एम.बी.बी.एस. झाल्यावर एम.डी. करतात, म्हणून ती अक्षरे पाहिली की आपण तज्ज्ञ डॉक्टर असे धरून चालतो. अमेरिकेत मात्र एम.डी. ही वैद्यकशास्त्राची पहिलीच पदवी आहे आणि डी.ओ. ही तिच्या बरोबरीची आहे. दोन्हींसाठी बहुधा आधीची पदवी, ‘एमकॅट’ ही प्रवेश परीक्षा, चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि त्यानंतर विषयानुसार साधारण तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचे प्रशिक्षण, करावी लागते. औषधे लिहून देणे, शस्त्रक्रिया करणे, बाळंतपण करणे हे सर्व अधिकार दोघांनाही सारखेच असतात. परवान्याच्या परीक्षा तेवढ्या वेगळ्या आहेत: एम.डी. ‘यूएसएमएलई’ देतात आणि डी.ओ. ‘कॉमलेक्स’, पण बरेच डी.ओ. विद्यार्थी दोन्ही देतात.

ही बरोबरी सहजासहजी मिळालेली नाही. ऑस्टिओपॅथीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरची तीन मुले 1864 मध्ये मेंदुज्वराने दगावली, आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. 1892 मध्ये त्याने मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे पहिले ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय काढले. हाडे व सांधे हातांनी नीट करून आजार बरे करण्याच्या त्याच्या मूळ सिद्धान्तांतले बरेचसे पुढे टिकले नाही आणि ही महाविद्यालये हळूहळू आधुनिक वैद्यकाकडे वळली, तरी सर्व राज्यांत पूर्ण अधिकार मिळायला 1973 उजाडले. 2020 पासून दोन्ही पदव्यांच्या डॉक्टरांच्या रेसिडेन्सीला एकच संस्था मान्यता देते.

म्हणूनच डॉक्टर निवडताना पदवीच्या अक्षरांपेक्षा रेसिडेन्सी कोणत्या विषयात आणि कुठे झाली, हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही माहिती सहसा दवाखान्याच्या संकेतस्थळावर डॉक्टरच्या परिचयात मिळते. त्यानंतर त्या विषयाचे ‘बोर्ड सर्टिफिकेशन’, म्हणजे तज्ज्ञ असल्याचे प्रमाणपत्र, चालू आहे का, ते तपासावे. शेवटी राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकून परवाना आणि शिस्तभंगाच्या कारवाईची नोंद पाहावी. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत डी.ओ. डॉक्टरांचे मंडळ वेगळे असते, त्यामुळे एका ठिकाणी नाव सापडले नाही म्हणून लगेच संशय घेऊ नये.

खरा फरक आहे तो हातांनी करायच्या उपचारांचा. डी.ओ. विद्यार्थ्यांना स्नायू, सांधे आणि पाठीचा कणा हातांनी तपासण्याचे व त्यांवर उपचार करण्याचे सुमारे 200 तासांचे जादा शिक्षण मिळते. उदाहरणार्थ, मान आखडली असेल तर डॉक्टर रुग्णाचे डोके जिथवर वळते तिथवर नेऊन धरतात, त्याला काही सेकंद उलट दिशेने हलकेच जोर लावायला सांगतात, मग सैल सोडायला सांगून मान आणखी थोडी वळवतात, आणि असे तीन-चार वेळा करतात. कंबरदुखीत अशा उपचारांचा काही प्रमाणात उपयोग होतो. कवटीच्या हाडांवर अलगद दाब देण्याच्या पद्धतीला मात्र भक्कम पुरावा नाही. शिवाय बहुतेक डी.ओ. डॉक्टर रोजच्या कामात हे उपचार फारसे करत नाहीत, त्यामुळे ते हवे असतील तर वेळ घेतानाच तसे विचारावे. हाडे ठिसूळ झाली असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांनी हात लावण्यापूर्वीच ते सांगावे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हे विसरून अजिबात चालणार नाही.

एक गोष्ट देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये ‘ऑस्टिओपॅथ’ हा नोंदणीकृत पण वेगळा व्यवसाय आहे, आणि तिथला ऑस्टिओपॅथ केवळ त्या पात्रतेवर डॉक्टर ठरत नाही. त्यामुळे लंडनच्या नातेवाइकाने ‘ऑस्टिओपॅथ औषधे लिहून देत नाहीत’ असे सांगितले, तर ते तिथल्यापुरते खरे आहे. न्यू जर्सीतल्या डी.ओ. डॉक्टरला ते लागू होत नाही.