गोल्टी कोणती, हे मोबाइलला कसं दाखवायचं

कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे संगणकाला फोटोतल्या वस्तू ओळखायला लावणं, शिकायचं तर तयार मॉडेल उतरवून घेण्याआधी एक वस्तू मोजून बघा. मी निफाड तालुक्यातल्या आमच्या कांदाचाळीतला उन्हाळ कांदा घेतला. ४५ मिलिमीटरच्या आतला तो गोल्टी, असं ठरवलं. वडील, आमचे नाना, ही निवड नुसत्या नजरेनं करतात.

माझे पहिले दोन दिवस निळ्या ताडपत्रीनं खाल्ले. तिच्यावर ऊन चमकायचं आणि प्रोग्रॅम त्या चमकेलाच कांदा समजायचा. मग चाळीच्या सावलीत काळं सुती कापड अंथरलं, मोबाइल बांबूला बांधून एक मीटरवर खाली तोंड करून लटकवला. कोडची एक ओळही न बदलता निम्मं काम झालं.

पायथनमध्ये ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या लायब्ररीनं फोटो उघडा, करडा करा आणि त्यातला दहा बाय दहाचा तुकडा आकड्यांत छापून बघा. हे टाळू नका. कांद्यावर मोठे आकडे, कापडावर लहान. सगळे ० ते २५५ मधले. सीमा कुठे आखायची ते ओत्सूची १९७९ची पद्धत ठरवते: दोन गट जास्तीत जास्त वेगळे पडतील असा आकडा ती शोधते. त्याच्या वरचे पिक्सेल पांढरे करा, खालचे काळे; म्हणजे कांदा पांढरा, कापड काळं. सुटी टरफलं ‘ओपनिंग’नं, म्हणजे बारीक पांढरे तुकडे घालवणाऱ्या क्रियेनं, पुसून टाका.

आता डिस्टन्स ट्रान्सफॉर्म. प्रत्येक पांढऱ्या पिक्सेलपासून सर्वांत जवळची काळी कड किती लांब, ते तो सांगतो. सर्वांत मोठ्या आकड्याची दुप्पट म्हणजे व्यास. बाहेर आलेली मान त्यात येत नाही. चिकटलेल्या दोन कांद्यांची दोन शिखरं दिसतात, तिथून वॉटरशेडनं, म्हणजे शिखरांमधल्या खाचेवर रेघ आखणाऱ्या पद्धतीनं, ते वेगळे करा.

मापासाठी दहा रुपयांचं नाणं ठेवा, व्यास २७ मिलिमीटर. ते १०८ पिक्सेल भरलं तर मिलिमीटरला ४ पिक्सेल, म्हणजे १८० पिक्सेलचा कांदा ४५चा. पण नाणं कापडावर ठेवू नका. कांद्याचा पोटाचा भाग कॅमेऱ्याच्या अडीच सेंटीमीटर जवळ असतो, म्हणून तो अडीच टक्क्यांनी मोठा दिसतो. सीमेवरची गोल्टी नेमकी इथेच निसटते. तेवढ्याच उंचीच्या काळ्या ठोकळ्यावर नाणं ठेवा.

शेवटी ३० कांद्यांना नंबर घालून नानांची निवड माझ्या यादीशी लावली. तीन जागी जुळेना. सातपूरला कारखान्यात असलेल्या मामाचं व्हर्निअर आणून मोजलं, तर दोनदा नाना बरोबर. ते दोन्ही कांदे चपटे होते, कुशीवर पडलेले. त्यामुळे व्यासाऐवजी त्यांची उंचीच मोजली जात होती. आता मी प्रत्येक कांदा मान वर करून ठेवते.