लहानपणीच्या कर्करोगाचा उपचार-गोषवारा हाताशी ठेवा
लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्या व्यक्तीने प्रौढ वयात नव्या डॉक्टरांना ‘तेव्हा केमो झाली होती’ एवढेच सांगून भागत नाही. कोणते औषध एकूण किती मात्रेत दिले आणि किरणोपचार शरीराच्या कोणत्या भागावर किती ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) झाले, हे लेखी असेल तरच पुढच्या तपासण्या नीट ठरवता येतात. उदाहरणार्थ, डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाची एकूण मात्रा शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक झाली असेल, तर हृदयाच्या स्नायूला धोका जास्त धरतात आणि काहीही त्रास नसला तरी ठरावीक अंतराने इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतात. मानेवर किरणोपचार झाले असतील, तर थायरॉइडकडे लक्ष ठेवावे लागते.

हा गोषवारा उपचार झालेल्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून मागावा, आणि तो लवकर मागावा, कारण जुन्या नोंदी कायम जपल्या जातातच असे नाही. (आईवडिलांनी कपाटात ठेवलेली डिस्चार्ज कार्डेही अशा वेळी फार उपयोगी पडतात.) त्यानंतर एका फॅमिली डॉक्टरांना समन्वयाची जबाबदारी घेण्याची स्पष्ट विनंती करावी आणि प्रत्येक तज्ज्ञाच्या अहवालाची प्रत त्यांच्याकडे जाईल, असे पाहावे, माझ्या मते, नेमके याच ठिकाणी बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गर्भधारणेचा विचार असेल, तर हृदयाची तपासणी आधीच करून घ्यावी आणि गोषवाऱ्याची एक प्रत स्त्रीरोगतज्ज्ञांनाही पहिल्याच भेटीत द्यावी.