कोकोची फळकूज ओळखायला शिकताना

प्रयोगशाळेतले माझे पहिले दोन महिने लॅसिओडिप्लोडिया नावाच्या बुरशीने खाल्ले. काळं पडलेलं कोकोचं फळ घ्यायचं, मधला चांगला कुजलेला तुकडा आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, ठेवायचा. चार-पाच दिवसांत प्लेट राखाडी लोकरीने भरायची, मग काळवंडायची. वहीत मी दर वेळी लिहायचे, 'रोगकारक मिळाला'. शेवटी सरांनी ती बुरशी न खरचटलेल्या निरोगी फळावर ठेवायला लावली. आठवडा गेला, काही नाही. शेजारच्या फळावर फायटोप्थोरा, म्हणजे फळकुजीचा खरा रोगकारक, ठेवला होता. त्याने चौथ्या दिवशी तपकिरी डाग पाडला. मी इतके दिवस मयताला आलेल्या पाहुण्यालाच मारेकरी समजत होते.

तेव्हा तुकडा कडेचाच घ्या. डाग संपून निरोगी साल सुरू होते तिथला, दोन्हीकडचं थोडं थोडं येईल असा. माध्यमात (त्या आगरमध्ये) पिमारिसिन हे बुरशीनाशक घाला. ते बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल या स्निग्ध घटकाला धरतं. फायटोप्थोरा ते बनवतच नाही, म्हणून तगतो. मुळात फायटोप्थोरा ही खरी बुरशी नाहीच, ऊमायसीट आहे, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीवगट. बोलताना सगळे बुरशीच म्हणतात, मीही म्हणते.

फायटोप्थोराची प्रजाती ठरवताना गळून पडलेल्या बीजाणुधानीचा (बीजाणूंच्या पिशवीचा) देठ मोजा. पाल्मिव्होरा प्रजातीचा जेमतेम ५ मायक्रॉन, मेगाकार्या प्रजातीचा साधारण १० ते ३०. नमुना कुठला आहे तेही विचारा, कारण मेगाकार्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतच आहे, पाल्मिव्होरा कोको पिकतो तिथे जवळपास सगळीकडे. हल्ली मुलं थेट डीएनए तपासायला पाठवतात. पाठवा, पण कोलेटोट्रायकम या दुसऱ्या बुरशीला एकट्या आयटीएसवर, म्हणजे डीएनएच्या त्या एकाच तुकड्यावरून, प्रजातीचं नाव देऊ नका. आणि जुन्या नोंदींत क्रिनिपेलिस पर्निसिओसा ही कोकोवरची बुरशी दिसली तर नवी प्रजाती सापडल्याच्या आनंदात नाचू नका. तिचंच नाव २००५ पासून मोनिलिओप्थोरा पर्निसिओसा आहे.

सगळ्यात छळलं ते सेराटोबेसिडियम थिओब्रोमीने. फांदी शेंड्याकडून वाळवणारी ही बुरशी प्लेटवर धड वाढतच नाही. तिला झाडावरच ओळखायचं. शेंड्यामागच्या दुसऱ्या-तिसऱ्या पालवीतलं एखादं पान पिवळं पडलेलं असतं, त्यात मधेमधे हिरवे ठिपके. ते पान खुडा आणि देठ निघाल्याच्या व्रणाकडे भिंगातून पाहा: तीन काळे टिंब. फांदी उभी चिरली की आत तपकिरी रेघा दिसतात.