उपासनेचं गीत लिहायचंय? आधी एखादी रात्र आठवा

नाताळ जवळ आला की आमच्या गायकवृंदाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन गीतं येऊ लागतात. सगळी मनापासून लिहिलेली, आणि बहुतेकांत तेच शब्द: महान, अपार, चरणी, महिमा, कृपासागर. वरचं नाव झाकलं तर हे कुणी लिहिलंय ते घरच्यांनाही सांगता येणार नाही. शब्दांबद्दल माझी तक्रार नाही, पण विश्वास तुमचा आहे ना, मग या गीतात तुम्ही कुठे आहात?

मी महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होते, आता निवृत्त आहे. भायखळ्याच्या बाजूला आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्च, आहे, तिथे पेटी वाजवते आणि रविवारची गीतं बसवते. पुढे जे सांगते आहे ते पेटीमागे बसून ऐकलेलं, पाहिलेलं.

पहिल्या दिवशी गीत लिहायला घेऊच नका. जिथे तुम्हाला देवाची गरज भासली असा एक प्रसंग साध्या गद्यात पाच-सहा ओळींत लिहा, आणि तोही देवाचं नाव न घेता. चाळीतलं घर रिकामं करताना, मुलाच्या दहावीच्या निकालाआधी, ठाण्याला जाणाऱ्या शेवटच्या लोकलमध्ये, काहीही चालेल. काय दिसलं, कोण काय म्हणालं, एवढंच. माझ्या वहीतला मजकूर असा होता: 'रात्रपाळी. वॉर्डात दिवे मंद. खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा सारखे विचारतात, सिस्टर, उजाडलं का? मी म्हणते, अजून नाही बाबा, झोपा. सलाईन बदललं. परत तेच, उजाडलं का?' यात भक्तीचं एक अक्षर नाही, पण माझं गीत यातूनच निघालं.

मग त्या प्रसंगाला बायबलमध्ये सोबती शोधा. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, आणि माणसाची क्वचितच एखादी अवस्था असेल जी तिथे नाही. वॉर्डातल्या त्या आजोबांचा प्रश्न मला 130व्या स्तोत्रात सापडला. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून जास्त आतुरतेने माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं तिथे म्हटलंय. रात्रपाळी केलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्तोत्रं वाचताना त्यांची बांधणीही बघा. 13वं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं. सुरुवात 'कुठवर?' अशा तक्रारीने, मध्ये विनवणी, शेवटी गाणं. 136व्या स्तोत्राच्या 26 वचनांत प्रत्येक वेळी उत्तरार्ध तोच येतो. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं, आपल्या भजनासारखं. आणि 88वं तर अंधारातच संपतं, दिलासा देतच नाही. तेव्हा गीतात तक्रार आली तर पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, काय म्हणतील याची भीती बाळगू नका. दुःख लपवून लिहिलेलं गीत मला पेटीवर चटकन ओळखू येतं, कारण ते पहिल्या ओळीपासूनच आनंदाने ओरडत असतं.

आता साचा. इंग्रजी कोरसच्या चालीत मराठी शब्द कोंबण्याआधी अभंग करून बघा, असा माझा आग्रह आहे. यात नवं काही नाही. जेझुइट या कॅथलिक संघातले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आणली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली इथे मुंबईत झाला, आणि पुढे त्यांनी येशूसाठी अभंग लिहिले, तुकारामांच्या वाटेने, 'दास' ही मुद्रा, म्हणजे शेवटी गुंफायचं कवीचं नाव, घेऊन. आजही त्यांचा अभंग सुरू झाला की पुस्तक न उघडता गाणारे लोक आमच्या बाकांवर आहेत.

मोठ्या अभंगाचा हिशोब सोपा: चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. अक्षरं बोटांवर मोजा. जोडाक्षर एकच धरायचं. एखादं अक्षर कमीजास्त झालं तर गाताना सांभाळून घेता येतं, पण शिकताना सूट घेऊ नका. माझं ध्रुवपद असं झालं:

उजाडले का रे
पुसे माझा जीव
दयाघना, कीव
येऊ दे ना

'उजाडलं का' हे आजोबांचं, जवळजवळ जसंच्या तसं. फक्त विचारणारा बदलला, आता माझाच जीव विचारतो आहे. पहिल्या कडव्याच्या कच्च्या खर्ड्यात सलाईनची बाटली होती, खाटेचा नंबरही होता. ते काढलं. बाटली खरी होती, पण बाकावरच्या प्रत्येकाने हॉस्पिटलात रात्र काढलेली नसते. खिडकी मात्र ठेवली, कारण झोप न येणारा माणूस कुठेही असला तरी खिडकीकडेच बघतो.

काळोखी खिडकी
थांबलेला वारा
एकटा पहारा
संपेचना

काय ठेवायचं, काय गाळायचं यासाठी माझी एकच कसोटी आहे. आमच्या मंडळीत मागच्या बाकावर बसणाऱ्या एक मावशी आहेत, सांताक्रूझहून दोन गाड्या बदलून येतात. त्यांनी ही ओळ गायली तर ती त्यांची होईल का? प्रसंग तुमचा असावा, पण गाताना त्यात दुसऱ्याला बसायला जागा हवी. म्हणून शेवटच्या कडव्यात मी स्वतःची मुद्राही घालत नाही. कुणी घातली तर माझी हरकत नाही, परंपराच आहे ती.

शेवटचं कडवं सगळ्यात अवघड. हात आपोआप 'पहाट झाली, संकट टळलं' असं लिहायला लागतो. त्या रात्री तसं काही झालं नव्हतं. माझी पाळी संपली तेव्हा आजोबा नुकते झोपले होते, एवढंच मला ठाऊक. म्हणून लिहिलं:

पहाट न आली
परी येशू आला
उशाशी बैसला
न बोलता

घडलं त्याहून जास्त देवाच्या नावावर खपवू नका. मंडळीत ज्यांची प्रार्थना अजून ऐकली गेलेली नाही असे लोकही बसलेले असतात, आणि त्यांनाही हेच गीत गायचं असतं.

शब्द झाले की मोठ्याने म्हणा, मग टाळ्या वाजवत म्हणा. ताल साधा घ्या, आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केरवा. आमच्या ढोलकीवाल्या मुलाला दोन्ही झोपेतही येतात. बघायचं ते हे, की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोणतं अक्षर येतंय. तिथे सूर लांबतो. 'उजाडले' मधला 'जा' दीर्घ आहे, लांबवला तरी शब्द शाबूत राहतो. 'कृपा' समेवर आणून 'कृ' ताणला की ऐकणाऱ्याला काही कळत नाही. 'येशू'ची दोन्ही अक्षरं दीर्घ, ते नाव कुठेही ठेवा. 'ख्रिस्त' ओळीच्या शेवटी आला की श्वास अडकतो, त्याला सुरुवातीला तरी आणा, नाहीतर 'ख्रिस्ता' अशी हाक करा.

चालीबाबत माझं मत थोडं कडक आहे. हिंदी सिनेमाची चाल घेऊ नका. लोक लगेच गातात हे खरं, पण गाताना डोळ्यासमोर नट-नटी नाचतात. शिवाय चर्चमध्ये उपासनेत गाणं वेगळं आणि रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं वेगळं; आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं हक्क चालू राहतो. स्वतःची चाल सुचत नसेल तर भूप रागातले पाच सूर घेऊन गुणगुणत बसा: सा रे ग प ध. मध्यम-निषाद (म आणि नि) नसल्यामुळे मंडळी सहसा घसरत नाही. मंद्र धैवताच्या (खालच्या सप्तकातल्या ध च्या) खाली आणि तार सा च्या (वरच्या सप्तकातल्या सा च्या) वर जाऊ नका. गायकवृंदातल्या मुलींना वरचा पंचम लागतो म्हणून तो ठेवला, तर बाकावरचे लोक गायचं सोडून ऐकत बसतात, आणि मग ती उपासना राहत नाही, कार्यक्रम होतो.

गीत कुठे गायचं तेही आधीच ठरवा. आमच्याकडे उपदेशाआधी किंवा प्रभुभोजनाच्या वेळी असं शांत गीत चालतं. कॅथलिक मंडळींत मिस्साचे, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेचे, टप्पे ठरलेले असतात, प्रवेशगीत, अर्पणगीत, कम्युनियनचं गीत, आणि गीत त्या टप्प्याला शोभावं लागतं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा लोकभाषेत होऊ लागला, तेव्हापासून मराठी गीतांना तिथेही भरपूर जागा आहे. पण बसवण्याआधी फादरना दाखवा. पाळकांना दाखवणं आमच्याकडेही आहेच. एखादी ओळ ते बदलायला सांगतील. शिकवणुकीबद्दल असेल तर ऐका, यमकाबद्दल असेल तर थोडी हुज्जत घाला.

मंडळीला शिकवताना पहिल्या रविवारी फक्त ध्रुवपद म्हणून घ्या, कडवी गायकवृंदाने म्हणावीत. कागद वाटणार असाल तर अक्षर मोठं ठेवा, निम्म्या लोकांचे चष्मे घरी राहिलेले असतात. खाली चाल, ताल आणि पेटीचा सूर लिहा, आमच्याकडे बहुतेक वेळा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. तिसऱ्या-चौथ्या रविवारीही मंडळी कडव्याला गप्प बसत असेल तर चाल खाली आणा. तरीही गप्पच राहिली तर ते कडवं काढून टाका आणि दोन कडव्यांचंच गीत गा.